दहापैकी चार

समुपदेशन केंद्रात तिला सगळे फाइलबाई म्हणत. तोंडावरही म्हणत. आठ वर्षं तिने तिथेच समुपदेशक म्हणून काम केलं होतं आणि आता पीएच.डी.साठी त्याच केंद्राच्या रेकॉर्डच्या खोलीत ती सकाळपासून फायली उपसत बसायची. विषय तिचा तिने निवडला होता. केंद्रात येऊन ज्या जोडप्यांचा ‘समेट’ झाला, त्यांच्या घरी पाच वर्षांनी काय चाललंय ते जाऊन बघायचं. समाजकार्य विभागाचे प्रमुख असलेले सर तिचे मार्गदर्शक होते आणि केंद्राचे सल्लागारही तेच, त्यामुळे परवानगीसाठी कुणाचे उंबरठे झिजवावे लागले नाहीत.

“कर बिनधास्त,” सर म्हणाले होते. “शंभरातली चौऱ्याऐंशी घरं आपण सांधलीयत. तू फक्त जाऊन बघून ये.”

पहिली सोळा घरं बघून होईपर्यंत तिची भूक मेली होती. मारझोड, आरडाओरडा असलं काही तिला दिसलं नव्हतं. दिसली ती सारवासारव. दार उघडताक्षणी, तिने काही विचारायच्या आत, “आमचं अगदी छान चाललंय हं,” असं म्हणणारे चेहरे. एका घरी सासऱ्याने सुनेची प्रश्नावली स्वतःच भरून तयार ठेवली होती, वर तिची सहीही केली होती. सून बाजूला उभी राहून “बाबांचं अक्षर सुंदर आहे,” म्हणाली. एका नवऱ्याने विचारलं, “याचं प्रमाणपत्र मिळतं का काही?” फाइलबाई हसून बाहेर पडायची आणि जिन्यात थांबून घोटभर पाणी प्यायची. तोंडाला आलेली चव पाण्याने जात नसे.

सतराव्या घरी जायची वेळ आली तेव्हा तिने पत्र पाठवायच्या आतच फोन आला. गणिताचे मास्तर बोलत होते. शाळेत तेवीस वर्षं नोकरी, आवाज मऊ, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारा.

“मॅडम, आमचं नाव यादीत असेलच. तुम्ही या. आमचं घर म्हणजे तुमच्या केंद्राचं यश आहे. संध्याकाळी साडेपाचला या, म्हणजे आमचा तास प्रत्यक्ष बघता येईल.”

“कसला तास?”

“संवादाचा,” मास्तर म्हणाले. “तुमचाच उपक्रम.”

तिने फाइल काढून वाचली. मास्तरांची बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. साडेपाच वर्षांपूर्वी ती एकटी केंद्रात आली होती, डावा हात गळ्यात बांधलेला. तक्रारीचा कागद तिच्याच हाताने लिहिलेला होता, दोन पानं. त्यावर नंतर दुसऱ्या समुपदेशकाचा शेरा : ‘किरकोळ मतभेद. सहा बैठका. संवादाची वही दिली. समेट.’

संवादाची वही फाइलबाईने तयार केली होती. नोकरीला लागली त्याच वर्षी, मोठ्या हौसेने. नवरा-बायकोने दिवसातून एकदा समोरासमोर बसायचं, पाच मिनिटं एकाने बोलायचं, पाच मिनिटं दुसऱ्याने, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. ‘तू असाच आहेस’ म्हणण्याऐवजी ‘मला असं वाटलं’ म्हणायचं. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द टाळायचे. अशा दहा सूचना, वहीसोबतच्या छापील पत्रकात. शेवटची सूचना सरांच्या आग्रहाने घातलेली : आजचा संवाद कसा झाला, त्याला दहापैकी गुण द्या. “आकडा हवा,” सर म्हणाले होते, “आकड्याशिवाय आपल्याला कोण विचारतंय!”

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं आणि फिनेलचा आणि गोडसर अत्तराचा असा एकत्र वास अंगावर आला, की तिने नकळत श्वास रोखला. सोफ्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं. बसलं की ते मांड्यांना चिकटायचं आणि हललं की चर्र आवाज यायचा. मास्तरांच्या आई आधीच खुर्चीत येऊन बसल्या होत्या, नाटकाचा पडदा वर जायची वाट बघावी तशा. मास्तरांची मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणत. तिच्या मांडीवर पुठ्ठा, त्यावर वही आणि टोक काढलेली पेन्सिल.

बायको चहा घेऊन आली. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, बोटांच्या टोकांवर काचा घासून पडलेले पांढुरके चरे. ती हसत होती, आणि ते हसू चहा ठेवताना, बसताना, पदर सावरताना, कुठेही हललं नाही.

“या आमच्या वह्या,” मास्तरांनी कपाट उघडलं. तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या अकरा वह्या, प्रत्येकीवर चौकोनी लेबल, त्यावर तारखा. “एक दिवस चुकलेला नाही. तिला ताप होता तेव्हा पलंगावर घेतला तास.”

“तुमच्या वह्या कुठल्या?” फाइलबाईने विचारलं. “म्हणजे तुमची बोलायची पाळी?”

“मी सुरुवातीला आठवडाभर केलं,” मास्तर समजावून सांगण्याच्या सुरात म्हणाले. “पण माझ्या लक्षात आलं, की माझ्यात राग शिल्लकच राहिलेला नाही. मग उगाच वेळ कशाला घालवायचा? आणि पाच मिनिटांनी काय होतंय? पाऊण तास तरी लागतो माणूस आतून मोकळा व्हायला.”

बायको उठून भिंतीलगतच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर समोर बसले. चिमणीने पेन्सिल उचलली.

“सुरू करू या,” मास्तर म्हणाले. “आज काय चुकलं?”

“मी दुकानातून यायला वीस मिनिटं उशीर केला. त्यामुळे यांना…”

“कसं सुरू करायचं असतं?”

“मला वाटतं, मी उशीर केला. त्यामुळे यांना असुरक्षित वाटलं. मी ते ओळखायला हवं होतं.”

“छान. पुढे.”

“मला वाटतं, सकाळी मी कपाटाचं दार जोरात लावलं. तो राग होता.”

“कुणावर?”

“स्वतःवर.”

“आणि भांडं?” मास्तरांच्या आईंनी आठवण करून दिली. “सकाळी मोरीत भांडं आपटलंस ते?”

“हो, भांडंपण. मला वाटतं, तेही रागाने.”

“आईंवर नव्हता ना?” मास्तरांनी विचारलं.

“नाही, नाही. आईंवर कसा असेल?”

फाइलबाईच्या हातातला कप तसाच राहिला होता. चहावर साय धरली होती आणि कप हलला की तिला सुरकुत्या पडत होत्या. समोरची बाई एकामागून एक स्वतःचे गुन्हे काढत होती. कांदा सोलावा तसे. आणि शब्द, एकूण एक शब्द, फाइलबाईच्या पत्रकातले होते. ‘माझ्या भावनेची जबाबदारी माझी.’ ‘मी ऐकून घ्यायला कमी पडले.’ ‘समोरच्याच्या जागी जाऊन बघायला हवं होतं.’ आपलंच उष्टं कुणीतरी चावून परत आपल्या तोंडात घालावं, तसं तिला होत होतं.

पाऊण तास भरला. मास्तरांनी घड्याळाकडे बघून मान हलवली.

“बाबा, आज आई डोळ्यांत बघून नाही बोलली,” चिमणी म्हणाली. “दोनदा खाली बघितलं. मी मोजलं.”

“मग? तुला काय वाटतं?”

चिमणीने पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवून विचार केला. “काल पाच दिले होते. आज चार. दहापैकी चार.”

“बरोबर आहे,” तिची आई म्हणाली. हसू तसंच होतं. “थँक यू, बाळा.”

चिमणीने वहीत आकडा लिहिला, भोवती गोल काढला आणि फाइलबाईकडे बघितलं. शाबासकीची वाट बघत. चांगला अभ्यास केलेल्या मुलीचा तो चेहरा होता, निर्मळ आणि उत्सुक. फाइलबाईला त्या पोरीची शिसारी आली, आणि एका लेकराची शिसारी आली म्हणून पुढच्याच क्षणी स्वतःची.

“मोजमाप कळतं हो तिला,” मास्तर कौतुकाने म्हणाले. “आणि हे लिहून घ्या मॅडम, पाच वर्षांत मी हिला बोटसुद्धा लावलेलं नाही.”

“पूर्वी उलटून बोलायची,” त्यांच्या आई म्हणाल्या. “आता बघा, गाईसारखी झालीय.”

“मोरी कुठे आहे?” फाइलबाईने विचारलं.

आत जाऊन तिने नळ सोडला आणि बेसिनवर वाकून ओकली. पोटात काहीच नव्हतं, नुसतं आंबट पाणी. मान वर केली तर आरशाशेजारी तिच्या पत्रकातला कागद चिकटवलेला. ‘टाळायचे शब्द : नेहमी, कधीच.’ त्याखाली लाल शाईने, वळणदार मास्तरी अक्षरात भर घातली होती : नको. पुरे. दमले. माहेर.

निघताना मास्तरांनी आपण होऊन सातवी वही तिच्या हातात दिली. “प्रबंधाला जोडा. आमची संमती आहे.” बायकोने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत होती. सर संत्रं सोलत होते. त्यांनी वही घेतली, चिकट बोटांनी पानं उलटली आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

“अशा किती आहेत म्हणालीस?”

“अकरा. बारावी चालू आहे.”

“पाच वर्षांची रोजची नोंद! गुणांसकट! अगं, लोकांना असं आयुष्यात मिळत नाही!” सरांनी संत्र्याची बी तळहातावर थुंकली आणि बशीत झटकली. “आलेख काढ. पुढच्या महिन्यात परिषद आहे, तिथे या कुटुंबालाच मंचावर बसवू.”

“सर, तो तिला रोज कबुलीजबाब द्यायला लावतो. मुलीकडून गुण देववतो. तुम्ही वाचताय ना?”

“वाचतोय की.” सरांनी आणखी एक फोड तोंडात टाकली. रस हनुवटीवर आला, तो त्यांनी मनगटाने पुसला. “घरोघरी मातीच्या चुली. मारत होता, आता मारत नाही. तिची नोकरी चालू आहे, मूल शिकतंय. याला यश नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?”

“ती बाई जिवंत नाही त्या घरात.”

“हे तुझं मत झालं. संशोधकाने हात घालायचा नसतो, नुसतं बघायचं असतं.” मग आवाज उतरवून, प्रेमाने म्हणाले, “आणि उपक्रम तुझाच आहे, विसरू नकोस. पत्रकावर तुझं नाव आहे. आपल्याच तोंडाला आपण काळं फासायचं का?”

वहीच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा पिवळा डाग पडला होता. फाइलबाईने वही ओढून घेतली आणि बाहेर पडली. रागापेक्षाही, आपण या माणसाच्या पाया पडलो होतो, वाढदिवसाला त्याच्यासाठी फुलं नेली होती, हे आठवून तिला अंग खरवडून धुवावंसं वाटलं.

दुपारी ती चष्म्याच्या दुकानात गेली. मागच्या बाजूला काचेची छोटी खोली होती. मास्तरांची बायको तिथे एकटी, घासायच्या चाकावर भिंग धरून बसली होती. फाइलबाईला बघून तिने चाक थांबवलं. इथे ती हसत नव्हती. तो चेहरा ओळखायलाच वेळ लागला.

“वही परत द्यायला आलात?”

“नाही. तुम्हाला विचारायला आले. एकटीला.”

“काल विचारायचं होतं की. सगळे होतेच.” तिने भिंग उजेडाकडे धरून बघितलं. “काल ओकलात ना आत? नळ सोडला तरी ऐकू येतं. मी पहिल्या वर्षी रोज ओकायचे. मग त्याचेही गुण जायला लागले.”

फाइलबाई समोरच्या स्टुलावर बसली. “ते पत्रक मी लिहिलंय.”

“माहितीय. खाली नाव आहे तुमचं. मोरीत दात घासताना रोज वाचते.”

तिने भिंग खाली ठेवलं. मग बायको बोलायला लागली. घरी नवऱ्याला ‘हे’ म्हणणारी बाई इथे सरळ ‘तो’ म्हणत होती.

“मारायचा तेव्हा मारून संपायचं हो. मला चिडता यायचं. शेजारीण विचारायची, हाताला काय झालं. आता कुणाला काय दाखवू? नवरा रोज पाऊण तास माझ्याशी बोलतो, ही तक्रार ऐकून घेईल का कुणी? माझी बहीण म्हणते, नशीबवान आहेस, आमचे हे तर दिवसभर तोंड उघडत नाहीत.” ती पहिल्यांदा हसली, कोरडं. “तुमच्या बैठकीत मी म्हटलं होतं, मला नाही परत जायचं. तर तिथल्या ताई म्हणाल्या, ‘नको’ने सुरुवात करू नका.”

“आता काय हवंय तुम्हाला?”

“विचारता खरंच? की तुमच्या कागदावर लिहायला?”

“खरंच.”

“माझी तक्रार हवीय. दोन पानं लिहिली होती मी, हात गळ्यात होता तेव्हा. नक्कल मागायला गेले तर म्हणाले, समेट झाला, फाइल बंद. दुकानात येणाऱ्या एक वकिलीणबाई म्हणतात, तो कागद असेल तर काही करता येईल. आणि मुलगी.” इथे तिचा आवाज घसरला. “मुलगी माझ्यासोबत यायला हवी. आणखी दोन वर्षं तिथे राहिली तर ती त्याच्याहून हुशार होईल.”

स्वतःच्या जबाबाची नक्कल मिळणं हा तक्रारदाराचा हक्क आहे, हे केंद्राच्या नियमांत लिहिलेलं होतं. ते कुणी सांगत नसे, इतकंच. फाइलबाईने बायकोकडून अर्ज लिहून घेतला, तो रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मावशींपुढे ठेवला आणि नियमाचं पान उघडून दाखवलं. मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“सरांना विचारलंत?”

“नियमात सरांना विचारा असं कुठे लिहिलंय?”

मावशींनी दोन पानांची छायाप्रत काढली, ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला आणि आपली सही जरा जास्तच मोठी केली.

नक्कल हातात आली त्याच्या चौथ्या दिवशी बायको दुकानातून घरी गेलीच नाही. दुकानातल्याच एका मैत्रिणीच्या घरी वरची खोली रिकामी होती, तिथे राहिली. चिमणीला शाळेतून घ्यायला ती गेली तेव्हा चिमणी येईना. “बाबांना असुरक्षित वाटेल,” म्हणाली, आणि शाळेच्या रिक्षात बसून बापाकडे गेली.  

प्रकरण कौटुंबिक न्यायालयात उभं राहिलं. साक्ष द्यायला फाइलबाई गेली. मास्तर पहिल्या बाकावर, इस्त्रीचा सदरा, मांडीवर अकरा वह्यांपैकी दहा. त्यांच्या वकिलाने पत्रक पुढे केलं.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“यात माझ्या अशिलाने केलेलं असं काय आहे, जे तुम्ही सांगितलेलं नाही?”

घरून तिने उत्तर पाठ करून आणलं होतं. दोघांनी बोलायचं असं लिहिलंय, मुलांना यात आणायचं नाही, वगैरे. तिने ते सांगितलंही. मग न थांबता पुढे म्हणाली, “पण गुण द्यायचं मी लिहिलं. शब्द टाळायला मी सांगितलं. आणि ज्या बाईचा हात मोडला होता तिला हे पत्रक द्यायचं नसतं, हे मी कुठेही लिहिलं नाही. ते आधी लिहायला हवं होतं.”

सर मागच्या बाकावर बसले होते. ते उठून बाहेर गेले.

न्यायाधीशबाईंनी फाइलबाईने दिलेली सातवी वही स्वतः वाचली. दोन तास वाचत होत्या म्हणे, आणि मध्ये एकदा वही बंद करून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. चिमणीला त्यांनी आपल्या खोलीत बोलावून विचारलं, तुला कुणाकडे राहायचंय? चिमणी म्हणाली, “आईकडे राहते. तिच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं ना.” निकालात मुलीचा ताबा आईकडे आला, आणि मास्तरांना केवळ दुसऱ्या माणसाच्या देखत, आठवड्यातून एकदा भेटायची परवानगी. मास्तरांनी निकाल शांतपणे ऐकला आणि जाता जाता फाइलबाईला म्हणाले, “तुमचा राग मी समजू शकतो.” त्या वाक्याने तिच्या अंगावर पाल चढल्यासारखं झालं. घरी जाऊन तिने अंगावरची साडी धुवायला टाकली.

सरांनी महिन्याभरात तिचं मार्गदर्शन सोडलं. कारण लिहिलं : ‘संशोधकाची तटस्थता संपली.’ दुसरे मार्गदर्शक मिळायला वर्ष गेलं. प्रबंधाचं नाव बदललं, पहिली चार प्रकरणं फाडून पुन्हा लिहिली. उरलेल्या घरांना ती परत भेटली. या वेळी बायकांना त्यांच्या कामाच्या जागी, एकट्यांना. चौऱ्याऐंशीचा आकडा निम्म्यावरही टिकला नाही. केंद्राला तिने वही बंद करण्याबद्दल तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, की वही लोकप्रिय आहे आणि नवी आवृत्ती रंगीत काढत आहोत. फक्त तिचं नाव काढून टाकलं होतं.

प्रबंध पूर्ण झाला त्या आठवड्यात ती चष्म्याच्या दुकानात गेली. एक प्रत द्यायची होती, आणि एक बोलायचं होतं. मास्तरांची बायको आता पुढच्या काउंटरवर बसत होती. तिने प्रत उचलून वजन बघितलं आणि बाजूला ठेवली.

“चिमणी कशी आहे?”

“जेवताना अजून विचारते, आज किती देऊ? मी म्हणते, भाजी वाढ.” तिने खांदे उडवले. “जाईल हळूहळू. नाहीतर राहील. भांडते मात्र माझ्याशी. दार आपटते.”

फाइलबाईने घसा साफ केला. “मला तुमची माफी मागायची आहे. पत्रकाबद्दल. कोर्टात बोलले, पण तुम्हाला कधी…”

“मागा,” बायको म्हणाली. “पण मी दिली असं म्हणणार नाही. तुम्ही मदत केलीत, मला ठाऊक आहे. नाही असं नाही. पण तुमची बाजू समजून घे, तुम्हाला काय वाटत असेल ते बघ, हे नका सांगू मला. पाच वर्षं रोज पाऊण तास समजून घेतलंय. माझ्याकडचं ते सगळं संपलं.”

फाइलबाई काही बोलणार होती. ‘मी समजू शकते’ हे शब्द अगदी ओठांवर आले आणि तिने ते थुंकी गिळावी तसे गिळले. दारातून एक म्हातारे गृहस्थ तुटलेली काडी हातात धरून आत आले.

“जरा सरका,” बायको तिला म्हणाली, आणि गृहस्थांकडे वळली. “बसा काका. दाखवा बघू.”

फाइलबाई सरकली. क्षणभर उभी राहिली, मग दार ढकलून रस्त्यावर आली.